काळ्या पट्ट्यांची टेप

हॅनफर्ड कॉर्नर्स, न्यूयॉर्क राज्य
९ मार्च १९८६

प्रिय आयडेला,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सुकवलेली सफरचंदं पोचली. पत्र आधी वाचलं, यावरून तुझ्यावर माझा जीव किती ते ओळख. इकडे गोठ्यामागे अजून बर्फ आहे, सूनबाईला सातवा महिना लागलाय, आणि घरात व्हिडिओ आलाय. आपल्या लेकाने, लायलने, माझ्या साठीला आणला. मी तोंडदेखलं म्हटलं की कशाला उगाच खर्च. पण मनात एकच होतं. सत्तर साली आपल्या कुरणाला लागून तो गाण्यांचा मेळा भरला होता ना, त्याच्यावरचा सिनेमा आता टेपवर मिळतो. तुझा भाऊ आहे त्यात.

एल्डनला जाऊन चार वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत तो कुंपणाच्या खांबासारखा उभा. हलताना, चालताना तो फक्त त्या सिनेमात आहे, तेही पाच-सहा सेकंद. एक्काहत्तर साली आम्ही दोघांनी थेटरात बघितला होता. दुधाच्या कॅनपाशी तो एका अनवाणी पोरीबरोबर नाचतो. हो, नाचतो! लग्नातसुद्धा माझ्याबरोबर न नाचलेला माणूस! मी ते तीन दिवस त्या उपाशी पोरांसाठी पाव कापत होते, मान वर करायला फुरसत नव्हती, आणि हे तिकडे मजा करत होते. घरी येताना चार मैल मी त्याच्याशी बोलले नाही. त्याने एवढंच विचारलं, की तू नीट बघितलंस का. मी म्हटलं, चांगलं डोळे फाडून बघितलं. विषय तिथेच संपला.

तर टेप लावली. पोरगी आहे, कॅनची कड आहे, पोरीने धरलेला एक हात आहे, मनगटापर्यंत. एल्डन नाही! लायलला म्हटलं, हा तुझ्या बापाचा हात. तो म्हणाला, आई, तिथे चाळीस हजार माणूस होतं, हात कुणाचाही असेल. टेप मागे फिरवून फिरवून यंत्र तापलं. येणाऱ्या नातवंडाला आजोबा चालता-फिरता दाखवायचा होता गं. आता काय दाखवू, मनगट?

गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ आहे, तो सफरचंदांसकट येत राहो.

तुझी,
व्हर्ना


ऑर्ड, नेब्रास्का
२० मार्च १९८६

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

हसून हसून गुडघ्याचं दुखणं विसरले. एल्डन नाचला म्हणे! अगं, तुमच्याच गवताच्या कोठारात तुमचं लग्न झालं, मी तिथे होते. बँडवाले घामाघूम झाले, ऐंशी वर्षांचे ऑटोमामा नाचले, आणि नवरदेव केकच्या टेबलाला टेकून उभे. मी ओढायला गेले तर म्हणाला, कोठाराची जमीन उतरती आहे. नाचता येईना अंगण वाकडं!

वाईट वाटून घेऊ नकोस, पण गेलेल्या माणसाकडून आपण हवं ते करून घेतो. माझ्या स्वप्नात आमचा हॅरॉल्ड हल्ली भांडी घासतो. जिवंतपणी कपबशीसुद्धा उचलली नाही बाबाने. तरी पैज लावते: एल्डन नाचताना मला दिसला, तर आईची निळी गोधडी तुझी. वीस वर्षं तिच्यावर डोळा ठेवून आहेस, मला काय कळत नाही?

सूनबाईला जड उचलू देऊ नकोस. माया करतेस तशीच करत राहा, थट्टा माझ्याकडे लागली.

तुझी नणंद,
आयडेला


हॅनफर्ड कॉर्नर्स
२ जून १९८६

प्रिय आयडेला,
स. न. वि. वि.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाव एल्डा ठेवलंय, आता तू रडशील हे माहीत आहे.

थट्टेचा राग आला नाही. पण तू नाही म्हणतेस, लायल नाही म्हणतो, टेप नाही म्हणते. मग मलाच वाटायला लागलं की मी मनाने रचलं असेल. हेच फार लागतं बघ. तो नाचला म्हणून वर्षभर मी धुसफुसले, आणि तो नाचलाच नसेल तर बिचाऱ्याने ते उगाच सोसलं. टेप कपाटात वर ठेवली आहे. यावर आता नको लिहायला.

बाळाच्या नावाला शोभेल एवढी माया पाठव.

व्हर्ना


हॅनफर्ड कॉर्नर्स
१४ मार्च १९९५

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

वाढदिवसाची भेट पोचली. मेळ्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्या सिनेमाची नवी टेप निघाली आणि तू आठवणीने घेतलीस, डोळे भरून आले. पण बाई, तुला फसवलं गं दुकानदाराने! लावली तर वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी, आणि मधे फटीतून बघावं तसं चित्र. म्हटलं, वरचं-खालचं एवढं झाकलंय तर आत बघायचं काय? पाच मिनिटांत बंद केली आणि इथल्या दुकानात नेली. तो भला माणूस म्हणाला की रोज कुणीतरी हीच तक्रार घेऊन येतं. त्याने पडदा भरून चित्र येणारी टेप बदलून दिली. घरी येऊन लावली, तर पुन्हा तेच मनगट. असो. तुझा हेतू पोचला.

एल्डा नऊ वर्षांची होईल. हट्ट अगदी तुझ्या वळणावर गेलाय. आमची आठवण असू दे, आणि दुकानदारांवर विश्वास जरा कमी.

व्हर्ना


ऑर्ड, नेब्रास्का
२७ मार्च १९९५

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! हातात आलेला नवरा तू दुकानात परत करून आलीस!

तुझं पत्र मी चर्चमध्ये ग्रेटाला वाचून दाखवलं. ती गावच्या थेटरात सिनेमाचं यंत्र चालवायची. ती कपाळाला हात लावून म्हणाली, सिनेमाचं चित्र असतं आडवं, लांबोडकं. टीव्ही असतो चौकोनी. पडदा भरायचा म्हणून ते दोन्ही बाजूंचं चित्र कापून टाकतात. काळ्या पट्ट्या दिसल्या तर समजायचं, काही कापलेलं नाही, सगळं जागेवर आहे. पट्ट्यांनी काही झाकलेलं नव्हतं, वहिनी. झाकलं होतं ते तुझ्या पडदाभर चित्राने.

मी दुसरी टेप आणली आणि आधी स्वतः बघितली. आहे तो. उजव्या बाजूला. कॅन खाली ठेवतो, हात विजारीला पुसतो, आणि नाचतो. नाचतो म्हणजे, गोठ्यात शेण चुकवत चालावं तसं काहीतरी, पण नाचतो. मी आपली रडत बसले. वहिनी, नऊ वर्षं तुला खोटं पाडलं, मला माफ कर. टेपबरोबर गोधडीही याच खोक्यात आहे. धुऊन पाठवली आहे.

आणखी एक. पोरगी त्याचा हात धरते, त्याच्या आधीचे दोन सेकंद नीट बघ. त्याच्याही पलीकडे, कडेला, टेबलाशी कोणीतरी पाठमोरी पाव कापतेय. निळा एप्रन, मागे सुटलेली गाठ. एल्डन आधी तिच्यापुढे हात करतो. थांबतो. ती मान वर करत नाही. मग ती पोरगी येऊन तो हात धरते.

एप्रन मीच शिवला होता, म्हणून ओळखला. माझ्यावरचा जीव आटू देऊ नकोस.

तुझी,
आयडेला


हॅनफर्ड कॉर्नर्स
९ एप्रिल १९९५

प्रिय आयडेला,
स. न. वि. वि.

टेप आणि गोधडी पोचली. गोधडी मांडीवर घेऊन, एल्डाला शेजारी बसवून काल दुपारी बघितली. थेटरात मी फक्त त्याच्याकडे आणि त्या पोरीकडे बघत होते. रागाने आणखी काही दिसलंच नाही. आणि मेळ्यात, खरं सांगते, मागे कोणी उभं आहे हेच कळलं नाही. गाण्यांचा केवढा आवाज होता.

हात पुढे केलेला असताना टेप थांबवली. चित्र थरथरतं, पण हात तसाच राहतो. एल्डाने विचारलं, आजोबा कोणाची वाट बघतायत. मी तिला सांगितलं, माझी. आणि मग त्याला सांगितलं की नाही रे, तेव्हा नीट नव्हतं बघितलं.

खूप रडले, पण आता बरं वाटतंय. इतकं बरं किती वर्षांत वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात ये, गोधडी तुझ्याच अंगावर घालेन.

तुझीच,
व्हर्ना

ता. क. संध्याकाळी एल्डाला घेऊन कोठारात गेले आणि दोघी नाचलो. आयडे, ती जमीन खरंच उतरती आहे गं.