अवतरणातला इंजिनियर

अण्णा, तुमच्या नातीचं लग्न झालं. पण त्याच्या महिनाभर आधी चार दिवस मी नुसत्या घोरात होते, आणि कारण ऐकलंत तर तुम्ही आधी मलाच रागवाल. पत्रिका छापून आल्या, त्यातल्या निम्म्या ह्यांनी वाटूनही टाकल्या, आणि मंग मी एक हातात घेतली. आमच्या "सुकन्येचा" शुभविवाह "इंजिनियर" वराशी, आणि खाली "आग्रहाचे" निमंत्रण. सगळीकडे दुहेरी अवतरणचिन्हं.

तुम्ही वडीगोद्रीच्या शाळेत मराठी शिकवायचात. हायवेवरच्या हॉटेलाच्या पाटीवर "ताजा" चहा असं वाचून तुम्ही मालकाला विचारलं होतंत, "म्हणजे कालचा हाय का?" तो महिनाभर तुमच्याशी बोलला नाही. आणि मी निबंधात माझे "वडील" असं लिहिलं, ती संध्याकाळ तर अजून समोर आहे. तुम्ही चुलीजवळ पाटावर बसला आहात, वही मांडीवर. "का गं, मी खरा न्हाई का? शंका असली की शब्दाला असं चिमट्यात धरतेत." आई इतकी हसते की तव्यावरची भाकरी करपते. मी मात्र रडकुंडीला आलेली.

आता चिमट्यात जावई होता. त्यात साखरपुड्याला माझ्या धाकट्या भावानं, तुमच्याच लेकानं, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "डिगरी बराबर हाय ना पोराची?" व्याह्यांचा चेहरा पडला होता. त्यावर ही पत्रिका. मी नवीन जालन्यात छापखान्यावर गेले. छापखानावाला म्हणाला, "ताई, शब्द उठून दिसावं म्हणून टाकलं. मी सगळ्यांच्याच पत्रिकेत टाकतो." हे म्हणाले, "कोन वाचतंय एवढं बारीक?" मला वाटलं, सगळे वाचणार, आणि लग्न मोडणार.

चौथ्या दिवशी सकाळीच शहागडहून व्याही आले, हातात पत्रिका. मी चहा ओतायला घेतला. ते म्हणाले, "विहीणबाई, तुमच्या भावानं डिगरीचं विचारलं तवा लई लागल्तं मला. पोराला शिकवताना आमचं काय झालं ते आमालाच माहीत. पन हे बघा." त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "दोन्ही बाजूनं चिन्हं लावून छापलं तुम्ही. एवढा मान कुनी दिला न्हाई आमाला. सगळ्या भावकीला दाखवून राह्यलो."

तुम्ही असता तर त्यांना तिथंच व्याकरण समजावलं असतंत. मी बशी पुढं केली आणि म्हणाले, "मान द्यायलाच पाहिजे की." त्यांचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांनी त्यांच्या पत्रिकेतही "पदवीधर" वधू असं मुद्दाम छापून घेतलं.

लग्न नीट पार पडलं. जावई शांत आहे, कामाला जातो, घरी वेळेवर येतो. लेक फोनवर सांगते, मजेत आहे. मी तो शब्द कानात धरून बसते, तिनं तो चिमट्यात धरून उच्चारला का ते आठवत. हे लिहिलेलं कुठं पाठवणार मी, घडी करून साड्यांखाली ठेवीन. तुम्ही मनातलं तोंडावर विचारायचात, अण्णा. मला तिला अजून विचारता आलेलं नाही.