मधली रांग

बुसान, जुलै

ग्यू-सिकदादा, आणि पत्र ऐकायला जमलेल्या आपल्या खाडीतल्या सगळ्यांनो,

दर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टात, आपली कालवं पाण्यात सोडलेल्या दोरांवरच गुदमरून मरतात आणि वर दोष आपल्यालाच, की तुम्ही दाटी करता. माझं म्हणणं वेगळं आहे. गरम पाणी झाकणासारखं वर बसतं आणि खाली हवा पोचत नाही.

हे मोजायला आमच्या संशोधन संस्थेतले नाम सर आपल्या खाडीत ऑक्टोबरात जहाज नेणार होते, वादळं टळतात म्हणून. मी म्हटलं, “तोवर पाणी ढवळून निघेल. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणार का?”

“बरं बाई, ऑगस्ट. पण आत शिरायला वाट कोण देणार?”

आई नीट जेवते ना? मीही जहाजावर असेन, तेव्हा घरी तिच्यापाशी वादळांचा विषय काढू नकोस.

जहाजाच्या वाटेत कालवांच्या दोरांची मधली रांग येते आणि ती आपल्याच घरची आहे. हलवली तर त्यातली निम्मी कालवं जातील, ठाऊक आहे. तरी दादा, उद्या सगळ्यांदेखत तिचे दोर सोड. आधी आपण नुकसान सोसलं, तरच माझ्या म्हणण्यावर खाडीचा विश्वास बसेल.

तुझी धाकटी,
ह्ये-वॉन