रेजिनाच्या मागच्या बोटी

६ ऑक्टोबर, सोमवार
चॅनेलच्या मालकांनी, भाऊंनी, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "पूर्वा, हे बघ. बातम्यांचं ओपनिंग, तयार मिळतंय." फिरणारी पृथ्वी, लाल-निळी काच, वीज, धडाम्! शेवटी पृथ्वी फुटते आणि आतून आपल्या चॅनेलचं नाव बाहेर. मी म्हटलं, भाऊ, आपण केबलवर भाईंदरचं गटार आणि पाणीकपात दाखवतो. त्यासाठी पृथ्वी कशाला फोडायची?
हसले, पण ऐकेनात. दिवाळीच्या आत बातम्या नवीन दिसल्या पाहिजेत म्हणे.
मोठ्या चॅनेलात इतकी वर्षं हेच केलं. आग, वीज, पृथ्वी. आमचा ग्राफिक्स विभाग बंद केला त्या दिवशीसुद्धा मी एका पृथ्वीला आग लावत बसले होते. आता बास. एकदा तरी बघणाऱ्याला "अरे, हे तर आपलं" वाटेल असं काहीतरी माझ्या हातून व्हायला हवं. भाऊंना बोलूनही दाखवलं. आवाज चढलाच जरा.
"बरं बाई, कर तुझं. शुक्रवारी लावू. नाही जमलं तर सोमवारी पृथ्वी घेणार. मग रडायचं नाही."
रडतंय माझं खेटर.

७ ऑक्टोबर, मंगळवार
सध्या बातम्यांच्या मागे जे शहर दिसतं, उंच इमारती, दिवे, पूल, ते कुठलं हे ऑफिसात एकालाही सांगता येत नाही. परदेशातलं नक्की. एकही बॅनर नाही.
त्याऐवजी इथला दुकानांचा केबिन रोड सुचवला. भाऊ: "ज्यांचे दुकानाचे बोर्ड दिसतील ते खूश, बाकीचे माझ्या दारात." मग मुर्ध्याची मिठागरं. भाऊंचं गाव, आजोबांची मिठागरं होती, वाटलं विरघळतील. "अजिबात नको. जमिनीची केस चालू आहे."
संध्याकाळी मोबाइल चाळताना सापडलं!! जुलैत रविवारी उत्तनला गेलो होतो तेव्हाचा फोटो. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटींची रांग. लाल, पिवळ्या, हिरव्या, मागे ढग. काय रंग आहेत! ओपनिंगमध्ये एकेका बोटीवरून सरकत जायचं, शेवटी सगळी रांग, आणि तीच रांग बातम्या संपेपर्यंत मागे.
नवरा म्हणतो, "बातम्यांत मागचं बघतं कोण?" वाढलेलं ताट परत उचलणार होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार
मान मोडून काम. बोटींवर पावसाळ्याचं निळं प्लॅस्टिक बांधलेलं होतं. फार भिकार दिसत होतं. एकेक करून सगळं पुसलं, खाली दुसऱ्या फोटोंमधल्या बोटींच्या केबिनी बसवल्या. ढग काढून छान ऊन टाकलं. आता बघत राहावं असं झालंय. स्वतःचं काम बघून हसू येण्याची वेळ फार दिवसांनी आली.
बातम्या वाचणारी रेजिना उत्तनचीच. तिला म्हटलं, तुझ्या गावच्या बोटी लावतेय तुझ्या मागे. "लाव ना. मला कुठे दिसणार? माझ्या मागे नुसता हिरवा पडदा. चित्र तुमच्या कॉम्प्युटरात." दाखवू का विचारलं, मग मीच म्हटलं नको, उद्याच बघ. तिचा भाऊ रॉनी बोटीवर गेलाय, पाच-सहा दिवसांनी येईल. रेकॉर्डिंग घरी ठेव, त्यालाही दाखव म्हटलं.
हिरवी साडी नेसू नको हे मात्र बजावलं. नाहीतर पडद्याबरोबर तीही गायब.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
लागलं. सात वाजताच्या बातम्या. बोट, बोट, बोट, मग सगळी रांग, वर आपल्या चॅनेलचं नाव. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. भाऊसुद्धा म्हणाले, "रंग बरे आहेत."
पहिलीच बातमी हवामान खात्याचा इशारा, समुद्रात जोराचा वारा. जाहिराती लागायच्या आत फोन सुरू. पहिला मीच उचलला. रेजिनाची आई. "सगल्या बोटी वर आल्या, आमच्या रॉनीची कुटं हाय? ती का न्हाय त्यात?"
मला आधी कळेचना. मग स्क्रीनकडे बघितलं.
मी पावसाळ्याचं प्लॅस्टिक पुसलं होतं. म्हणजे आता त्या पावसाळ्यात मासेमारीला बंदी असताना किनाऱ्यावर ठेवलेल्या बोटी राहिल्याच नाहीत. वादळाला घाबरून आज परत आलेल्या बोटी झाल्या. रॉनीची बहुतेक फोटोच्या चौकटीबाहेर राहिली होती, म्हणून सगळ्या आल्या आणि तिचीच नाही. वर रेजिना इशारा वाचतेय.
फोन थांबेनात. काही बायका धक्क्यावर पळाल्या म्हणे. मी स्टुडिओत धावले. रे.ला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा मागे वळून बघितलं. मागे काय, हिरवा पडदा. ब्रेकनंतर समोर काही लिहिलेलं नसताना ती बोलली: "मागचं चित्र जुनं आहे. आपल्या बोटी समुद्रात आहेत. कोणी घाबरू नका."
नंतर मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवरून कळलं, सगळे ठीक, वारा त्यांच्यापासून लांब. रॉनीची बोटही.
घरी येऊन खूप रडले. रेजिनाला एकदा दाखवलं असतं तर...

११ ऑक्टोबर, शनिवार
मागे परत ते कुठलंसं शहर.
भाऊ ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "पृथ्वी बघून आजवर कोणी रडत फोन केलाय का?"
एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. मागचं कोण बघतं म्हणे! लोकांनी एकेक बोट मोजून बघितली.

१२ ऑक्टोबर, रविवार
रे.बरोबर उत्तनला तिच्या घरी गेले. माफी मागायला. आईने दारातच सुरुवात केली. "तूच ती? मेले, जीव घेतलास माझा!" पुरतं बोलून घेतल्यावर "आता आलीस तर जेवून जा." बोंबलाचं कालवण. नको म्हणायची सोयच नव्हती, आणि खरं म्हणजे नको नव्हतंच.
दुपारी रे.च्या आईने किनाऱ्यावर नेलं. वाळत घातलेले बोंबील, एक कुत्रा, दोन मोडक्या होड्या. बाकी रिकामं. मी म्हटलं, मावशी, इथे तर काहीच नाही. त्या म्हणाल्या, "म्हंजे सगले कामाला गेलेत. किनारा रिकामा हाय तवा आमाला झोप लागते."
मग वाळत घातलेला एक बोंबील सरळ करत, "बोंबलाजवल मी उभी राहिले तर दिसेन का गो टीव्हीवर?"
येताना रे. आणि मी बसमध्ये एकदम बोलायला लागलो. दोघींच्या डोक्यात एकच. बातमी आजची, मग मागचं चित्र जुलैचं का?

१३ ऑक्टोबर, सोमवार
भाऊंना सांगितलं. ओपनिंग तेच, फक्त फोटो रोज नवा. त्याच दिवशी काढलेला. काही पुसायचं नाही, काही चिकटवायचं नाही. आणि सुरुवात उत्तनच्या रिकाम्या किनाऱ्याने.
"रिकामा? लोक म्हणतील भाऊकडचे पैसे संपले!"
मी तोंड उघडायच्या आत रे. म्हणाली, "भाऊ, त्याच्यासमोर मी बसणार आहे. मला चालेल. आणि आधी मी बघणार."
भाऊंनी खूप वेळ चष्मा पुसला. "बुधवारी. एकच दिवस. पृथ्वीवाल्याला थांबवलंय, नाही म्हटलेलं नाही."
थांबवलंय तर! तेवढंही पुरे. घरी जाताना जिलेबी घेतली.

१५ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी उत्तन. फोटो काढला. पाणी खूप आत गेलेलं, नुसता चिखल चमकत होता. पुसायला हात शिवशिवत होते. नाही पुसला. मावशी बोंबलाजवळ नवी साडी नेसून हजर. घेतलं त्यांना कोपऱ्यात.
मेकअपच्या आधी रे. माझ्या टेबलाशी आली. पडद्याजवळ नाक नेऊन सगळं नीट बघितलं. "चालेल. आईला मात्र आता गावात कोणी आवरू शकणार नाही."
सात वाजले. चिखल, कुत्रा, बोंबील, मावशी, रिकामा किनारा, वर आपलं नाव. मला आवडलं. पहिल्याइतकं देखणं नाही, पण आवडलं. फोन एकही नाही. भाऊ उठून बाहेर गेले. माझा जीव टांगणीला.
बातम्या संपल्यावर आले. खालच्या पानवाल्याकडे टीव्ही असतो, तिथे गिऱ्हाइकांच्या मागे उभे राहून बघत होते म्हणे.
"काय म्हणाले लोक?"
"काही नाही. एक जण म्हणाला, ओहोटी दिसतेय. दुसऱ्याने विचारलं, कधीचा फोटो आहे?"
"मग?"
"मी म्हटलं, आजचा."
असं म्हणताना भाऊंची मान जरा ताठ झाली. मी बघितलं. मग परत कपाळाला आठ्या घालून, "पृथ्वीचं सोमवारी ठरवू. अजून काही ठरलेलं नाही, लक्षात ठेव."
बरं म्हटलं. दारापर्यंत गेले आणि वळले.
"उद्याचा कुठे काढतेस?"