खिशाच्या आतलं ठिगळ

१७ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

प्रिय वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे उघडलंत, असं धरून लिहिते. तुम्ही कशा आहात हे विचारायचा हक्क मी अकरा वर्षांपूर्वीच घालवला. तरी विचारते. कशा आहात? कंबर कशी आहे?

इकडे ठीक. गुडघे कुरकुरतात, जिना चढताना कमी, उतरताना जास्त. मुलगा रविवारी फोन करतो. "जेवलीस का?" विचारतो, मी "हो" म्हणते, मग तो फोन ठेवतो. तुमचे दादा जाऊन चौदा महिने झाले. आता रडू येत नाही, दमायला होतं. मधल्या खोलीचा आणि मोरीचा असे दोन बल्ब गेलेत. तिथली कामं मी उजेड आहे तोवर उरकून घेते. वायरमनच्या घरात दोन बल्ब बंद, लोक काय म्हणतील!

वाचायला मी चाळिशीत शिकले, तुम्हाला माहीत आहे. पुस्तकं आता भराभर संपवते. पण पुस्तकातली माणसं पत्रात जसं बोलतात तसं मला जमत नाही. त्यामुळे सरळ लिहिते.

तर मी गोधडी शिवते आहे. (बघा, सरळ लिहिते म्हटलं आणि आडरस्त्याला लागले.)

त्यांचे शर्ट कपाटातून काढले. बावीस निघाले. सगळे चौकड्यांचे नाहीतर पट्ट्यांचे. साधा शर्ट त्यांनी कधी अंगाला लावला नाही, "साध्यावर डाग दिसतो" म्हणायचे. शर्टाची पाठ सगळ्यात चांगली टिकते. पोटावरचं कापड विरतं, कॉलर तर टाकूनच द्यायची. पाठीचे चौकोन कापून एक उभ्या पट्ट्यांचा, एक आडव्या पट्ट्यांचा, मध्ये एखादी चौकडी, असे लावले की जुनं कापडही नव्यासारखं दिसतं. मशीन मी वापरत नाही. सुई, दोरा आणि धावदोरा, बस. दमलेल्या माणसाला धावदोरा बरा. खाली, वर, खाली, वर. डोकं चालवावं लागत नाही.

शेजारच्या निवृत्त नर्सबाई दुपारच्या शिकायला येतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "टाके मलाही येतात हो, पण माझं गिऱ्हाईक ओरडायचं." त्या आल्या की जरा आवाज होतो घरात.

गेल्या गुरुवारी मी निळ्या चौकड्यांचा शर्ट उसवायला त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशात बोटं घातली आणि थांबल्या.

"अहो, आत काय आहे हे?"

"भोक असेल. टेस्टर ठेवायचे खिशात."

"भोक नाही, ठिगळ आहे. आतल्या बाजूने. काय नाजूक लावलंय! तुम्ही?"

"मी कशाला लावू? मी तर ठिगळं लावणं बंदच केलं होतं."

"मग यजमानांनी?"

"त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता."

नर्सबाईंनी खिसा उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. "ज्याने शिवलंय तो डावखुरा आहे. टाके बघा, उलट्या अंगाला कललेत. आमच्याकडे एक डॉक्टर डावखुरे होते, त्यांचे टाके मी लांबून ओळखायचे." मग हळूच म्हणाल्या, "कुणी टेलरीण होती का हो यांची?"

मी हसले नाही. कापड मी ओळखलं होतं.

पिवळी जमीन, त्यावर तपकिरी पानं. सासूबाईंच्या खोलीचा पडदा.

त्या पडद्यावरून आपलं काय झालं ते तुम्ही विसरला नसाल. सासूबाई जाऊन महिनाही झाला नव्हता. चार वर्षं त्यांचं आजारपण मी काढलं. त्या पडद्याला औषधांचा वास बसला होता. मी तो सात वेळा धुतला, विटलेला भाग काढला आणि चांगल्याच्या उशांच्या खोळी करायला घेतल्या. तुम्ही आलात तेव्हा तुकडे जमिनीवर पसरलेले होते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, आईला फाडलंत तुम्ही." मी म्हणाले, "आईला पुसायला कुणी आलं नाही, पडद्याला रडायला बऱ्या आलात." आणि या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असंही म्हणाले. तुम्ही एक पट्टा उचललात आणि गेलात. त्या खोळी मी कधी पुऱ्या केल्या नाहीत.

तुम्ही डावखुऱ्या आहात हे मला नर्सबाईंनी सांगायची गरज नव्हती.

मग मी सगळे खिसे तपासले. बावीसपैकी चौदा शर्टांत तेच ठिगळ, खिशाच्या तळाशी, जिथे टेस्टरचं टोक रुततं बरोबर तिथे. मी त्यांना कितीदा सांगितलं होतं, टेस्टर पिशवीत ठेवा. ऐकायचे नाहीत. शेवटी मी म्हटलं, आता भोकं पडू देत, मी सुई हातात घेणार नाही. त्यानंतर खिशातून काही पडल्याची तक्रार आली नाही. मला वाटलं, माणूस सुधारला. मी लोकांना सांगायचे, बघा, नवऱ्याला वळण लावलं. शर्ट ते स्वतः इस्त्री करायचे, आणि नवऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही हा माझा नेम होता. त्या नेमाचा मला केवढा अभिमान होता, वन्सं!

महिन्यातून एकदा ते जुन्या ऑफिसातल्या माणसांकडे पत्ते खेळायला जायचे. परत आले की चेहरा हलका झालेला असायचा. "जिंकलात वाटतं," मी म्हणायचे. "हो," म्हणायचे.

मी रागावले. दोन दिवस रागावले. गेलेल्या माणसावर त्याहून जास्त रागावता येत नाही, समोरून उत्तरच येत नाही. तिसऱ्या दिवशी मला ते आठवलं, जे मी चौदा महिने आठवू दिलं नव्हतं.

ते दवाखान्यात चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तिला कळवलंस?" नाव घेतलं नाही. मी म्हणाले, "कळवलं. यायला जमणार नाही म्हणाली."

त्यांनी वर बघितलं. मग म्हणाले, "बरं. ही ट्यूब फडफडतेय. स्टार्टर बदलायला सांग त्यांना." त्यानंतर त्यांनी तुमचा विषय काढला नाही.

ते गेल्यावर आठ दिवसांनी तुम्ही दारात उभ्या होतात. मी म्हणाले, फोन लागत नव्हता. तुम्ही विचारलंत, "चारही दिवस?" मी "हो" म्हणाले. तुम्ही पाणीसुद्धा न घेता गेलात.

फोन लागत नव्हता असं नाही. मी लावलाच नाही. मुलगा लावत होता, त्यालाही मी थांबवलं. तुम्ही आलात की ते तुमच्याकडे बघतील आणि मी बाजूच्या स्टुलावर बसून राहीन, हे मला सहन होणार नव्हतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. शोधलं, सापडलं नाही.

आता एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. ते तुम्हाला दर महिन्याला भेटत होते. म्हणजे तुम्ही "जमणार नाही" म्हणणाऱ्यातल्या नव्हे, हे त्यांना ठाऊक असणार. म्हणजे मी खोटं बोलते आहे हे त्यांना तिथेच कळलं, आणि त्यांनी मला उघडं पाडलं नाही. नाहीतर असं असेल की आजारी माणूस, मन खचलेलं, त्यांनी ते खरं मानलं आणि बहीण आली नाही हे मनात घेऊनच गेले. यातलं कुठलं खरं, ते मला कधी कळणार नाही. पहिलं खरं असावं असं वाटतं. पण ते माझ्या सोयीचं आहे, म्हणून त्यावर माझा विश्वास बसत नाही.

गोधडी आता आठच शर्टांची होईल. पायांपुरती. बाकीच्या चौदांना मी कात्री लावलेली नाही, निळ्याची उसवलेली शिवण तेवढी पुन्हा घातली. ते तुमचे आहेत. पोस्टाने पाठवणार नाही, कारण मग तुम्हाला यावं लागणार नाही. नको असतील तर एका कार्डावर "नको" लिहा, मी समजेन.

मी दुपारची घरीच असते. आलात आणि बोलला नाहीत तरी चालेल. चार शब्द सुनावलेत तर बरंच वाटेल. फक्त शेवटच्या महिन्यात ते तुमच्याकडे आले असतील, तर तेव्हा कसे दिसत होते, काय बोलले, एवढं मला सांगा. माझ्याशी तेव्हा ते फारसं बोलत नव्हते. मी दमणूक समजले आणि विचारलं नाही.

तुम्हाला फोन न लावलेली,
वहिनी