टेम्पोतून उतरलेला नातू

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी संप म्हटला की मला धुळ्याचं आपलं स्वयंपाकघरच आठवतं. गिरणी बंद आहे, तुम्ही चुलीपुढे उभे राहून मालकाला सुनावताय, आणि आई तव्यावरची भाकर उलटत म्हणतेय, "भाशन व्हयनं व्हई ते दोन घास खाई ल्या." मग तुम्ही खाली बसायचात, पण घासागणिक मालकाला एक शिवी असायचीच.

आता मीच संपावर गेले. जळगावच्या एमआयडीसीत चटयांच्या कारखान्यात मी पॅकिंगला आहे. आम्ही पगारवाढ मागितली, तर मॅनेजर म्हणाला, "बाहेर पोरं रिकामी फिरताहेत. तुम्ही गेलात तर माझं काय अडतंय?" आम्ही बाया गेटवर जाऊन बसलो. तुमचा नातू धुळ्याला मामाकडे राहून नोकरी शोधतोय. उगाच काळजी करेल म्हणून त्याला मी काही कळवलं नाही.

एका सकाळी ठेकेदारानं टेम्पो भरून नवी पोरं आणली. आम्ही वाट अडवून उभ्या. मी हात वर करून घोषणा देतेय, आणि टेम्पोतून पहिला उतरतोय तो तुमचा नातू! इस्त्रीचा शर्ट, हातात डिप्लोम्याची फाईल.

"आई, तू इथं?"

"मी इथंच असते. तू कुठं निघालास?"

"कामावर. ठेकेदारानं कारखान्याचं नावच सांगितलं नाही. घरात एकाला तरी नोकरी नको का?"

"आहे की एक. माझी!"

माझ्या शेजारची बाई ओरडली, "पोऱ्या मायनी नोकरी लेवाले उना वं!" सगळ्या पोट धरून हसल्या. तो कानापर्यंत लाल झाला. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं गेटवर आलेल्या मॅनेजरला पगार विचारला. आकडा ऐकताच टेम्पोतला एकजण म्हणाला, "एवढ्यासाठी मला झोपेतून उठवलं?" बाकीचेही उतरले, आमच्याच सतरंजीवर बसले आणि आमचेच डबे संपवले. टेम्पोवाला ठेकेदाराकडे परतीचं भाडं मागत होता. ते मिळेना, तेव्हा तोही येऊन बसला.

पुढच्याच आठवड्यात मॅनेजर बोलणीला आला. मागितलं त्याच्या निम्मंच मिळालं, पण मिळालं. नातू मात्र अजून रिकामाच आहे. आज मुलाखतीला भुसावळला गेलाय.

हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार? तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. त्या सकाळी पोरगा माझं न ऐकता सरळ गेटकडे चालू लागला असता ना नाना, तर घोषणा देत देतच मी जरा बाजूला सरकले असते.