रेशमाला विटाळ नाही

३ जून १९३४

वॉर्डातून सुटका! आजपासून ऑपरेशनच्या खोलीत नर्स म्हणून. महिनाभर पाहणार, जमलं नाही तर घरी. घरी म्हणजे भावाच्या, नरसिंहअण्णाच्या स्वयंपाकघरात, जन्मभर फुकटची आचारीण. माझा नवरा वारल्यापासून वहिनी त्याचीच वाट पाहते आहे.

ज्ञानम्माळ सिस्टरनी पहिला धडा दिला – हात धुतल्यावर कशाला शिवायचं नाही, कुणाला शिवू द्यायचं नाही. मला हसू आवरेना. हे तर अलमेलु अत्यानं सहाव्या वर्षीच शिकवलं! "मडीत आहें गे, शिवूं नको, परती हो!" घरभर तिचं हेच चालतं. तिचं मडी म्हणजे सोवळं, सिस्टरचं स्टराइल. फरक एवढाच की सिस्टर पगार देतात.

११ जून

बाकीच्या पोरी हात धुऊन नाक खाजवतात. मी खांबासारखी उभी. सिस्टर म्हणाल्या, "वेंकटलक्ष्मी, तुला शिकवावंच लागत नाही." फुगले!

चंद्रमौळी डॉक्टर मात्र – तोंडावर फडकं, फडक्यातून शिव्या. मागतात कात्री, हवा असतो चिमटा. चुकलं की आम्ही गाढव. देव मोठा म्हणून रोगी वाचतात.

२० जून

नाचियार्कोविलच्या समया ओतणाऱ्याची बायको, कामाक्षी. अंतर्गळाचं ऑपरेशन. शेवटच्या टाक्याला रेशमाचा दोरा माझ्या हातून निसटला, स्टुलावर पडला. उचलला, ओवला, दिला. डॉक्टरांनी टाका घातला.

मग हात धुताना डोक्यात उजेड पडला! त्या स्टुलावर महालिंग बसतो – आमची हत्यारं उकळणारा.

घरी सुती लुगड्याला कुणी शिवलं की ते गेलं, पुन्हा धुवा. पण रेशमाला विटाळ नाही! अत्याचं रेशमी लुगडं महिनोन्‌महिने पाणी पाहत नाही, आणि तरी तेच सगळ्यांत शुद्ध. तेवीस वर्षांचं हे शहाणपण आज माझ्या हातानं दाखवलं.

कुणाला सांगितलं नाही. एका दोऱ्यानं काय होतंय.

२३ जून

कामाक्षीला ताप. टाका लाल, टणक. नवरा बाहेर पायरीवर बसून आहे, जेवत नाही.

डॉक्टरांनी महालिंगाला धरलं. "नीट उकळलं नाहीस! एक तारखेपासून येऊ नकोस." तो हात जोडून उभा. "उकळलं होतं, सामी" – एवढंच पुन्हा पुन्हा. मी शेजारी, गप्प. मोठी सोवळी बाई मी!

२४ जून

ताप तसाच. माझ्या ताटातला भातही तसाच.

२५ जून

सांगून टाकलं. सिस्टर, डॉक्टर, महालिंग – सगळ्यांच्या देखत. हात दाखवून अवलक्षण! सिस्टरचा चेहरा उतरला. डॉक्टर मान खाली घालून हात पुसत राहिले, कोरडेच होते तरी. मग गेले आणि तो टाका उसवला. पू निघाला, वाटीभर.

सिस्टर म्हणाल्या, "ट्रंक भरून ठेव."

भरली. पुष्कळ रडले. वहिनीच्या चुलीच्या भीतीनं नाही – ती बाई गेली तर, म्हणून.

२९ जून

कामाक्षीचा ताप उतरला. आज पेज प्याली, वर मीठ कमी म्हणून कुरकुरली! महालिंग कामावर आहे.

आणि मीही! काल डॉक्टर आपण होऊन सिस्टरना म्हणाले – "ती दोरा उचलताना मी पाहिलं होतं. रेशीमच तर आहे, असं मलाही वाटलं." पाहिलं होतं! आणि तरी महालिंगाला हाकलत होते!

सिस्टरनी हुकूम काढला : टेबलापाशी वेंकटलक्ष्मी "थांबा" म्हणाली की डॉक्टरांनीही थांबायचं.

आज सुरी लावायच्या आधी म्हटलं, "थांबा!" काही पडलं नव्हतं. खरंच थांबतात का, ते पाहिलं.

थांबले.