पान कितवं?

बोरिवली,
डिसेंबर १९५६

प्रिय शुभा,

दोन खोल्यांत आठ-दहा माणसं, अशा घरांतून डॉक्टर व्हायला निघालेल्या आपल्यासारख्यांना अभ्यासाला कोपरा कुणी दिला नाही, ही आपली सगळ्यांचीच तक्रार. म्हणून तर घाटकोपरची ती अभ्यासिका आपल्याला देवळासारखी वाटली. गणेशोत्सवात भाषण ठोकून तिच्यासाठी पंखा मीच मिळवला होता. आज तिच्याविरुद्ध लिहिते आहे, कारण कालचं तुझं पत्र वाचल्यापासून मला तुझ्या प्रकृतीची धास्ती वाटते आहे.

आठवतं ना, हृदयविकाराचं प्रकरण उघडलं की प्रत्येकाच्या छातीत धडधडायचं. कुंदाला तर एकाच आठवड्यात तीन असाध्य रोग झाले होते! त्यावर श्यामसुंदरनेच ती थट्टा काढली. कुणी काही दुखतंय म्हटलं की तो पुस्तकातून मान वर न करता विचारायचा, "पान कितवं?" सगळी खोली हसायची. पुढे ती रीतच पडली. दुखणं सांगणारा भित्रा, मुकाट वाचणारा खरा, आणि जेवणसुद्धा विसरणारा तर थोरच. घरी आयांना वाटायचं, पोरं नाव काढणार.

यंदा पावसाळ्यानंतर श्यामसुंदर खोकायला लागला. "संध्याकाळी अंगात कसर असते रे," एवढंच एकदा म्हणाला. चारी बाजूंनी आरोळी उठली, "पान कितवं?" तोही हसला. स्वतःच काढलेली थट्टा, तिच्यावर चिडणार कसा? हसता हसता ठसका लागला तेव्हा कुणीतरी "शूऽऽ" केलं, आणि तो पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसला. नंतर तिथेच बसायचा. खोकल्यातून रक्त पडेपर्यंत.

गेल्या रविवारी तो गेला, हे तुला कळलंच आहे. परीक्षेमुळे तू आली नाहीस. मी मुलुंडला त्याच्या घरी गेले होते. त्याच्या आईने मला जवळ बसवलं, चहा दिला, आणि म्हणाली, "एवढे डॉक्टर होते गं त्या खोलीत. एकालाही दिसलं नाही?" पुस्तकांना दोष कसा देऊ, मी त्यांच्यावरच वाढले. पण क्षयाची लक्षणं आपण एकमेकांना घडाघडा म्हणून दाखवत होतो, आणि लक्षणं असलेला माणूस बाहेर जिन्यात बसला होता.

आता तू लिहितेस, वजन उतरलंय, खोकला महिनाभर हटत नाही, संध्याकाळी डोळे जळजळतात. हा सगळा वाचनाचा परिणाम, असं लिहून तू मोकळी झालीस. शुभा, दोन वर्षं तू त्याच्या शेजारी बसत होतीस! या रोगावर आता औषधं आहेत, वेळेत घेतली तर माणूस बरा होतो, हे मी तुला शिकवायला नको. माझी भीती खोटी ठरली तर सगळ्यांसमोर मला हवं तेवढं हस. पण हे पत्र मिळेल त्या सकाळी अभ्यासिकेची पायरी चढू नकोस. थेट हॉस्पिटलात जा आणि छातीचा फोटो काढून घे.

तुझीच,
सुगंधा